शिल्लकीची राखणदार

हर्षा गजभियेचं डोकं मैत्री मंडळाच्या वार्षिक सभेत दरवर्षी हमखास तापायचं. आधी गाणी, मग भाषणं, आणि पोटात कावळे ओरडायला लागले की खजिनदार उठून बजेट वाचणार. मागून पुलावाचा वास आलेला. प्रश्न विचारून शिव्या कोण खाणार? "मंजूर, मंजूर!" झालं बजेट. एप्रिलमधल्या जयंतीचा हॉल दरवर्षी मोठा, पाहुणे दरवर्षी लांबचे, आणि खड्डा पडला की भरायचा मदतनिधीतून.

या निधीत हर्षाचा जीव होता. सिंगापूरला शिपयार्डात, बांधकामावर वर्क परमिटवर आलेली आपली माणसं. कुणाचा हात मशीनमध्ये गेला, कुणाची आई वारली, तर गावच्या तिकिटाचे पैसे तिथूनच मिळायचे. आधीच्या कमिट्यांनी पोटाला चिमटा काढून साठवलेला पैसा. तो नाचगाण्यात उडू नये, एवढंच तिचं म्हणणं.

अर्थशास्त्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. जुरोंग आयलंडवरच्या प्लांटमध्ये ती इंजिनिअर. फेब्रुवारीत इथलं सरकारी बजेट आलं की कंपनीच्या बसमध्ये पेपर उलगडून बसायची आणि कळेपर्यंत वाचायची. तिथेच तिला सापडलं, की आधीच्या सरकारांनी साठवलेल्याला हात लावायचा तर इथे राष्ट्राध्यक्षांची संमती लागते.

"प्रफुल्ल, हे आपल्याकडे आणायचं," ती शेजारच्या सीटकडे वळून म्हणाली. प्रफुल्ल त्याच प्लांटमध्ये मॅनेजर आणि मंडळाचा अध्यक्ष. तिच्या घरी येऊन हक्काने भाकरी मागणारा.

"आणू की, ताई. बजेट जेवणाआधी घेऊ. नवा खर्च सुचवणाऱ्याने जुना कुठला कापायचा तेही सांगायचं. आणि निधीची राखण तुमच्याकडे. तुमच्या सहीशिवाय एक सेंट हलणार नाही."

नियम दोघांनी बसमध्येच लिहिले. एका जागी प्रफुल्ल थांबला. "एकदा सही झाली की निधी त्या वर्षापुरता उघडा धरू. दर तिकिटाला तुमच्यामागे पळायचं का? माणूस तिकडे तळमळत असतो."

तिला पटलं. माणसाच्या तळमळीचं नाव काढलं की हर्षाला पटायचंच.

सभेत नियम पास झाले. लगेच कमिटीने जयंतीसाठी एका महागड्या कॉन्डो सोसायटीतला हॉल आणि मुंबईचा ऑर्केस्ट्रा मागितला, निधीतून.

"नाही. वर्षाच्या जमेत बसवा."

खजिनदार विनीता फणकारली, "ताई, तुम्ही इमिग्रेशनच्या काउंटरवर बसायला हव्या होत्या!"

"बसले असते तर तुझा ऑर्केस्ट्रा एअरपोर्टवरूनच परत पाठवला असता."

सगळ्यांत मोठ्याने प्रफुल्ल हसला. "ताईंचा शब्द शेवटचा!"

मार्चमध्ये अर्जुनचा फोन आला. शिपयार्डातला वेल्डर, हर्षाला थोरली बहीण मानणारा. वडिलांना हार्ट अटॅक आलेला आणि खिशात तिकिटाचे पैसे नाहीत. मंडळाची जमा जयंतीच्या तयारीत संपलेली. प्रफुल्ल स्वतः बुकित बातोकला तिच्या फ्लॅटवर आला. "सही करा ताई, पोरगं विमानात बसू दे." तिने दारातच उभ्याउभ्या सही केली.

अर्जुन गेला. वडील वाचले. आणि तो परतायच्या आत कॉन्डोचा हॉल बुक झाला, ऑर्केस्ट्राही. निधी साफ.

"प्रफुल्ल, ही काय भानगड आहे?" ती फोनवर कडाडली.

"भानगड कसली, ताई? निधी उघडा आहे. सही तुमची आहे."

"ती अर्जुनच्या तिकिटाची होती!"

"तसं कुठे लिहिलंय? आपण दोघांनीच लिहिलं ना? चिडू नका, पुढच्या वर्षी भरून काढू."

हर्षाच्या अंगाची लाहीलाही झाली. म्हणजे हा आपल्या शेजारी बसून, आपल्याच होकाराने चोरवाट ठेवत होता. आणि आपण कुठे विरघळतो हेही बरोबर हेरून होता.

जयंती उरकल्यावर तिने भांडून खास सभा बोलावली. ठराव साधा होता. सही करताना रक्कम आणि कारण लिहायचं. तेवढंच उघडं, बाकी बंद.

"बाजूने कोण?"

तिने हात वर केला. ऑर्केस्ट्रावर नाचलेल्यांकडून तिची अपेक्षाच नव्हती. तिने तिसऱ्या रांगेत अर्जुनकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. हात मांडीवरून हलला नाही.

"एक मत. ठराव नामंजूर," प्रफुल्ल माइकवर गोड आवाजात म्हणाला.

खाली लिफ्टपाशी अर्जुन धावत आला.

"ताई, रागावू नका. माझं परमिट संपतंय. प्रफुल्लसर त्यांच्या कॉन्ट्रॅक्टरकडे लावून देतो म्हणालेत."

"मला आधी का नाही बोललास?"

"तुम्ही तरीही हात वर कर म्हणाला असता."

म्हणाली असती. ते खोटं नव्हतं, म्हणून तोंडावर आलेली शिवी तिने गिळली.

"उद्या तुझ्या खोलीतल्या कुणाचा बाप आजारी पडला, तर तो फोन कुणाला करेल?"

अर्जुनने वर हॉलच्या दिशेने पाहिलं.

"मलाच करेल. मी त्याला काय सांगायचं, तेवढं वर जाऊन तुझ्या सरांना विचारून ये. मी थांबते इथे."

तो वर गेला. ती बराच वेळ थांबली, पण तो खाली आला नाही.