चौकटीच्या आत कोण आहे?

भोंगेकाकांनी आयुष्यभर चोर पळवले, पण एकाही चोराचं तोंड पाहिलं नाही. दुकानं, गोदामं, दवाखाने, जिथे म्हणून नुसतं कुलूप पुरेसं वाटत नाही तिथे जाऊन दारा-खिडक्यांवर सेन्सर बसवायचे आणि छपराखाली भोंगा टांगायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. कुणी दार ढकललं की भोंगा असा बोंबलायचा की चोर चप्पल टाकून धूम ठोकायचा. काकांकडे अशा मागे राहिलेल्या चपलांचे किस्से भरपूर होते आणि ते सांगायला त्यांना निमित्त लागत नसे.

घरात मात्र त्यांचं चालायचं नाही. घर चालवायची त्यांची सून. मुलगा कामानिमित्त महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असायचा. आणि दोन वर्षांपासून काकांची थोरली बहीण, ताई, त्यांच्याकडे राहायला आली होती. शहात्तर वर्षांच्या ताईंनी तीस वर्षं कापडगिरणीत काढली. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते. अगदी ठार बहिऱ्या नव्हत्या, पण हाक मारायची तर समोर जाऊन मारावी लागे.

म्हणूनच एके सकाळी चहा पिता पिता त्या "माझ्या खोलीत काहीतरी खातंय" असं म्हणाल्या, तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काय खातंय, आत्या?" सुनेनं त्यांच्यापुढे वाकून विचारलं.

"ते नाही माहीत. पण चावून चावून खातंय. काही घाई नाही त्याला."

सून शहाणी आणि मायाळू होती, तिनं लगेच हालचाल केली. औषध फवारणाऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं विजेरी घेऊन खोलीचा कानाकोपरा पाहिला, कपाट हलवलं, चौकटी ठोकल्या. भुसा नाही, भोक नाही, वाळवीची माती नाही. "घर ठणठणीत आहे," म्हणाला आणि गेला. मग कानाच्या डॉक्टरांकडे फेरी झाली. ते म्हणाले की, ऐकू येणं कमी झालं की मेंदू कधी कधी रिकाम्या जागी स्वतःच आवाज भरतो. त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गोळी लिहून दिली आणि सांगितलं, "आठवडाभर बघू. आवाज गेला नाही तर सोमवारपासून सुरू करा."

तीच गोळी खालच्या मजल्यावरच्या आजोबांना होती. एकेकाळी जिन्यात उभे राहून सगळ्या जगाशी भांडणारा तो माणूस आता दिवसभर खिडकीशी बसायचा आणि खिडकीबाहेर काय चाललंय तेही त्याला कळायचं नाही. ताई रोज त्यांच्या दारावरून भाजी आणायला जात. गोळीचं पाकीट हातात आल्यावर त्या दोन दिवस भाजी आणायला खाली उतरल्या नाहीत.

त्यात काकांनी भर घातली. एकदा ताई पुन्हा आवाजाचं सांगायला लागल्या तेव्हा ते वैतागून म्हणाले, "ताई, पुरे आता. काही नाहीये तिथे." ते बोलले आणि विसरले. पण त्यानंतर ताईंनी तो विषयच सोडला. जेवताना खाली मान घालून जेवायच्या. हे काकांच्या लक्षात आलं. मंगळवारी सकाळी त्यांनी जाहीर केलं, "सोमवारच्या आत मी पकडून दाखवतो. काही असेल तर माझ्या हातून सुटणार नाही."

सेन्सर निवडायचा म्हणजे काकांच्या हातचा मळ. पलंगाखालची ट्रंक त्यांनी ओढली आणि पहिला काढला तो माणूस आला की दिवा लावणारा. तो ताईंच्या खोलीच्या दारावर लावला, जोर वाढवून ठेवला, भोंगाही जोडला. बुधवारी सकाळी सात वाजता ताई तोंड धुवायला उठल्या आणि इमारतीतली यच्चयावत माणसं बनियनवर जिन्यात आली. कीटकासाठी मात्र तो सेन्सर हूं की चूं करेना. संध्याकाळी काकांनी कपाळावर हात मारून घेतला. हा सेन्सर बघतो ती अंगाची ऊब, आणि किड्याचं अंग भिंतीइतकंच गार. हे त्यांनी स्वतःच शंभर गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं होतं.

दुसरा प्रकाशाच्या किरणाचा. एका बाजूनं किरण सोडायचा, दुसऱ्या बाजूला झेलायचा, मधून काही गेलं की आकडा पुढे सरकतो. किडा लहान, म्हणून काकांनी किरण सुईच्या छिद्रातून काढला आणि खिडकीच्या कडेशी लावला. तासाभरात आकडा चारशेवर गेला. काका हर्षभरित झाले. मग उन्हाची तिरीप आली आणि खिडकीत तरंगणारी धूळ दिसली, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिसरा कॅमेरा. शुक्रवारी दिवसभराचं चित्रण पाहून त्यांच्या हाती लागला एक डास आणि दुपारी ताईंच्या खोलीत राखणीला बसून घोरणारे ते स्वतः.

"बाबा," सून हसू दाबत म्हणाली, "आत्या म्हणतात आत आहे. तुम्ही सगळं दार-खिडक्यांवरच लावताय."

"अगं, येणारा येणार कुठून? दारा-खिडक्यांतूनच ना!" काका उसळले. चाळीस वर्षं ज्यांचा चोर बाहेरून आला, त्यांना दुसरं काही सुचणार कसं?

शनिवारी दुपारी सून कामावर होती. काका शेवटचा सेन्सर काढायला ताईंच्या खोलीत गेले तर ताई पलंगावर पडलेल्या, पण उलट्या. डोक्याकडे पाय आणि पायांकडे उशी.

"अशी का गं झोपलीस?" काकांनी समोर बसून विचारलं.

"अशीच. आता काही आवाज नाही येत हो मला. सुनेला सांग. गोळी नको मला."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं लगेच कळतं. काकांनी उशीकडे पाहिलं. पलंगाची डोक्याकडची बाजू शेजारच्या खोलीत जाणाऱ्या, कायम बंद असलेल्या दाराच्या चौकटीला अगदी टेकलेली होती. त्यांनी हळूच विचारलं, "उशी तिकडे ठेवली की येतो का आवाज?"

ताई उठून बसल्या. मग म्हणाल्या, "डोकं टेकलं की येतो."

"टेकलं की? एरवी नाही?"

"एरवी कसा येईल? कानानं मला काय येतंय रे? तुझी हाकसुद्धा येत नाही. ते कपाळाला लागतं. गिरणीत आम्ही असंच करायचो. कुठला माग बिघडलाय ते त्या गदारोळात कुणाला ऐकू येणार? खांबाला हात लावायचा, की कळायचं."

इतके दिवस झाले. डॉक्टरांनी ताईंच्या कानाला यंत्रं लावली, फवारणीवाल्यानं विजेरी मारली, काकांनी स्वतः खोलीच्या मधोमध उभं राहून कान टवकारले. पण ताई, तुला ऐकू येतं म्हणजे कसं येतं, एवढा साधा प्रश्न एकानंही विचारला नव्हता.

ते उठले आणि थेट भंगाराच्या डब्याकडे गेले. त्यात मेलेल्या भोंग्यांतल्या पितळी चकत्या पडल्या होत्या, नाण्याएवढ्या, कागदासारख्या पातळ. या चकतीला वीज दिली की ती थरथरते आणि ओरडते. काकांनी अशा हजारो चकत्या ओरडायला लावल्या होत्या. आणि तीच चकती कुणी थरथरवली, तर उलट तीच वीज देते, म्हणजे ऐकते. हे त्यांना उमेदवारीच्या दिवसांत कुणीतरी शिकवलं होतं, पण ऐकण्याचं काम त्यांच्या धंद्यात कधी पडलंच नव्हतं.

मेणाच्या गोळ्यानं त्यांनी चकती चौकटीला चिकटवली, तारा जुन्या टेपरेकॉर्डरच्या माइकच्या खाचेत जोडल्या आणि आवाज हळूहळू वाढवला. आधी नुसती सुरसुर आली. मग काही नाही. आणि मग, कर्र. कर्र-कर्र. थोडं थांबून पुन्हा कर्र.

सावकाश, नीट, कडक टोस्ट चावावा तसं कुणीतरी खात होतं.

काकांच्या अंगावर काटा आला. "अरे देवा!" ते ओरडले आणि आवाज एकदम थांबला. त्यांनी श्वास रोखला. एक मिनिट गेलं, दोन गेली, आणि आतल्यानं पुन्हा घास घेतला. म्हणजे त्याला काका कळत होते! रंगाचा एक थर आणि बोटभर लाकूड, त्याच्यापलीकडे तांदळाच्या दाण्याएवढं एक तोंड अंधारात आपलं जेवण करत होतं. त्याला ना दार ठाऊक, ना घर, ना सोमवार. वर्षानुवर्षं आपण याच्या शेजारी राहिलो, या चौकटीला टेकून वर्तमानपत्र वाचलं! काकांनी दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सून कामावरून आली ती चपलांसकट आत आली. काकांनी तोंडावर बोट ठेवलं. तिनं ऐकलं, आणि पर्स मांडीवर घेऊन तिथेच जमिनीवर बसली. तिचे डोळे भरून आले. "मी आत्यांना गोळ्या देणार होते," ती पुटपुटली.

ताईंना स्पीकरचा आवाज पोचत नव्हता. त्या दोघांच्या तोंडांकडे बघत होत्या. काकांनी त्यांचा हात धरून तळवा स्पीकरच्या जाळीवर ठेवला. ताईंनी डोळे मिटून घेतले.

"हाच," त्या म्हणाल्या. "हा खालचा."

"खालचा?"

"दोन आहेत ना! वरचा म्हातारा असावा, दमानं खातो." त्या उठल्या, चौकटीला कपाळ टेकलं, अंगठ्यानं लाकूड चाचपत वर वर गेल्या आणि आपल्या डोक्यापेक्षा वीतभर उंच एका जागी बोट ठेवलं. "इथे."

काकांनी स्टुलावर चढून चकती तिथे लावली. बराच वेळ सुरसुर. मग एक कर्र. मग इतका वेळ शांतता, की सून म्हणाली, "गेला वाटतं." आणि मग पुन्हा कर्र.

काकांनी खाली उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं. ट्रंकभर सेन्सर त्यांनी आयुष्यभर जपले होते, आणि त्यातला एकही तिच्याइतका बारीक नव्हता. ही बाई रोज त्यांच्यासमोर बसून चहा पीत होती.

सोमवारी सुतार आला. ताईंनी चौकटीवर केलेल्या पेन्सिलीच्या दोन खुणा पाहून तो हसला, हातोडीनं ठोकून म्हणाला, "लाकूड भरीव आहे, काका." तरी त्यानं पटाशी लावली. पहिल्या खुणेखाली पांढरी, गुबगुबीत अळी निघाली. दुसऱ्या खुणेखाली दुसरी. बाहेरून रंगाला ओरखडासुद्धा नव्हता आणि आत लाकडात बोगदेच बोगदे. सुतारानं पटाशी खाली ठेवली. "कुणी खुणा केल्या?" त्यानं विचारलं. काकांनी ताईंकडे बोट दाखवलं, तसा तो बघतच राहिला.

काका बहिणीसमोर जाऊन उभे राहिले. "ताई, मी तुला पुरे म्हणालो होतो. चुकलो मी."

"तुझं काही नाही रे," ताई म्हणाल्या. "मीसुद्धा म्हणायला लागले होते, मनातल्या मनात. पुरे बाई, काही नाहीये तिथे." त्यांनी चौकटीवरून हात फिरवला. "त्याची भीती वाटत होती मला. किड्याची नव्हे."

सुनेनं गोळीचं पाकीट उचललं, डॉक्टरांना फोन लावला, आणि पलीकडून हॅलो आल्यावर काही न बोलता फोन ताईंच्या हातात दिला. ताईंनी तो तोंडासमोर धरला. पलीकडून कोण काय म्हणतंय ते त्यांना ऐकू येणार नव्हतंच, त्यामुळे त्या थांबल्या नाहीत.

"डॉक्टर," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "दोन होते."