भागाबाईचे निळे हात

दोंडाईच्याकडच्या आमच्या गावात लग्नाचे मांडे भागाबाईच्याच हातचे. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत मोठी करायची अन् तापल्या खापरावर अलगद टाकायची. त्याच हातांवर गेल्या चैत्रात निळेकाळे डाग उठले. मग मांडीवर, पाठीवर. लागलं नाही, पडली नाही.

तिचा लेक प्रेमराज सुरतेला कामाला. घरात ती अन् सून दिपमाला, दोघीच. नळावरच्या बायांनी ठरवून टाकलं: सून मारते.

भागाबाईचा धाकटा भाऊ शालिग्राम तावातावानं आला.

"कोनी मारं तुले, अक्का?"

"कोनीच नही रे भाऊ. आपोआप उठतस."

"आपोआप अंग निळं व्हस का? सूनले भ्यास तू!"

"ती माले घास भरावस. तिले नाव ठेवू नको."

शालिग्रामनं ऐकलं नाही. बहिणीला रिक्षात घातलं अन् आपल्या गावी नेलं. दिपमाला दारात उभीच राहिली.

तिथं भागाबाईची मांडी सुजली. शालिग्रामला वाटलं, शीर चढली. त्यानं हाडवैद्य आणला, मोहाचं तेल तापवून मांडी दाबून दाबून चोळायला लावली. म्हातारी ओरडत होती. "सहन कर, अक्का," तो म्हणत होता. संध्याकाळी पाय लाकडासारखा टणक झाला.

धुळ्याला नेलं. दिपमालाही धावत आली. डॉक्टर दोघांना म्हणाले, "यांना कुणी मारलेलं नाही. रक्त थांबवणारा एक घटक असतो, तो यांचं स्वतःचंच शरीर नासवतंय. म्हणून आतल्या आत रक्त सांडतं. हा पाय कुणी चोळला?"



इंजेक्शनं दिली, रक्त चढवलं. भागाबाई त्यातच गेली.

गावात आणल्यावर बायांनी अंघोळीला घेतली. कमरेखाली बाई जांभळी पडलेली.

"पाहा व बायासहो, काय हाल कयात इना!" एकजण ओरडली.

सगळ्यांचे डोळे दिपमालावर. सुरतेहून आलेला प्रेमराजही तिच्याकडेच बघायला लागला. माहेरचं लुगडं घेऊन शालिग्राम दारात आला, तशी ती म्हणाली, "मामा, सांगा ना तुम्ही. डॉक्टरनी तुमले सांगं ना?"

शालिग्रामनं तोंड उघडलं. डॉक्टरचं सांगायचं तर पाय चोळल्याचंही सांगावं लागणार होतं.

त्यानं लुगडं जवळच्या बाईच्या हातात दिलं. "सरणाची लाकडं आली का, पाहतस मी," म्हणाला, अन् बाहेर गेला.