बबनची पाठ आणि सरकारी कार्ड

दुखण्याच्या गोष्टी कधी एकट्या येत नाहीत. एकानं "माझी कंबर धरली" म्हणायचा अवकाश, शेजारचा लगेच पुढं सरकतो, "तुझी आत्ता धरली व्हय? माझी तर गेल्या यात्रेपासनं धरलीय!" निरगुडसरला आमच्या दूध डेअरीवर सकाळी दूध घालून झालं, की रिकामे कॅन उलटे टाकायचे, त्यावर बसायचं आणि एकमेकांची दुखणी वाटून घ्यायची. इथं कुणाचं दुखणं बरं होत नाही, पण वाया मात्र जात नाही!

सगळ्यात जास्त किस्से साठले ते बबनच्या पाठीचे. सगळे खरे आहेत. जिथं खोटे वाटतील, तिथं तर जरा जास्तच खरे.

*

बबन म्हणजे आमच्यातला गाडामालक. घाटात, म्हणजे यात्रेतल्या शर्यतीच्या चढावर, बैलगाडा पळवणारा. कांद्याची भरलेली गोणी एका खांद्यावर टाकून मोकळ्या हातानं मिशी सावरणारा गडी. पण त्याची पाठ धरली ती गोणीनं नाही. लोणीला एका लग्नात तो बायकोच्या मामांच्या पाया पडायला वाकला आणि तसाच राहिला!

मामा गहिवरले. "पुरं पुरं, पावणं! उठा!"

बबन खालूनच म्हणाला, "हं."

"औक्षवंत व्हा! उठा की आता!"

"हं."

मामांकडचे आशीर्वाद संपत आले. मांडवात बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या, "बघा, ह्याला म्हंत्यात जावई!" मागं रांगेत उभे असलेले दोन जावई नाइलाजानं तेवढाच वेळ वाकून राहिले. शेवटी बबनची बायको, आमच्या सुमनवहिनी, पुढं आल्या. "अहो, फोटो निघाला. उठा आता."

बबन मामांच्या चपलांना सांगितल्यासारखा म्हणाला, "उठतोय कोण? उठवा!"

*

एरवी आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण निमगाव सावाची यात्रा तोंडावर आली होती आणि बबनच्या गाड्याला तिथल्या शर्यतीत पळायची बारी मिळाली होती. आता बबनच्या गाड्याला एक बैल आहे, त्याचं नाव मंत्री. नाव शोभतं, कारण तो कुणाचंच ऐकत नाही. जू मानेवर ठेवू देतो ते फक्त बबनला. मागं एकदा बबनच्या मेव्हण्यानं प्रयत्न केला होता. तो मेव्हणा अजून मंत्र्याशी बोलायचं झालं तर गोठ्याच्या खिडकीतून बोलतो.

घाटात नाव पुकारल्यावर ठरल्या वेळात गाडा जुंपला नाही, की बारी बाद! म्हणजे बबन सरळ झाला नाही, तर मंत्री जुंपला जाणार नाही, आणि वर्षभर खुराक घालून तयार केलेला गाडा दुसऱ्यांच्या बाऱ्या बघून परत येणार.

तेव्हा गणपानं मोबाइल बाहेर काढला. गणपा म्हणजे आमचा जगाशी असलेला संपर्क.

"ह्यो बघा. फॉरेनचा डॉक्टर. कायरोप्रॅक्टर म्हंत्यात ह्याला. गोळी न्हाय, सुई न्हाय. मान धरली, कट! कंबर धरली, कट! पेशंट नाचत घरी!"

बबननं मान तिरकी करून व्हिडिओ बघितला. "लई खर्च आसंल."

"खर्च कशाला? दवाखान्याचं सरकारी कार्ड काढायचं. कार्ड घेणारा कायरोप्रॅक्टर शोधायचा. आन् तोबी जवळचा!"

गणपाचं असं असतं. घोडा, पंख आणि उडणं, तिन्ही एकाच दुकानात मागतो!

*

कार्ड काढायला सेवा केंद्रात गेलो. तिथल्या माणसानं कॅमेरा लावला आणि सांगितलं, "काका, वर बघा."

बबन म्हणाला, "वर बघता आलं आसतं तर कार्ड कशाला काढलं आसतं?"

बराच वेळ नुसता टकलाचाच फोटो येत होता. कॉम्प्युटर म्हणे, चेहरा सापडत नाही. शेवटी गणपानं कॅमेरा काढून जमिनीवर ठेवला. फोटो झकास आला! फक्त बबनच्या डोक्यामागं छतावरचा पंखा आला. फिरता पंखा, मधोमध बबन. देवाच्या मूर्तीमागं प्रभावळ असते ना, अगदी तशी!

सुमनवहिनींनी कार्ड हातात घेतलं आणि म्हणाल्या, "देव्हाऱ्यात ठिवू का पाकिटात?"

*

मग गणपानं पुण्यातला एक कायरोप्रॅक्टर शोधून फोन लावला. स्पीकर चालू. पलीकडून एक गोड आवाज. "सर, पेशंटचं पेन एक ते दहामध्ये किती आहे?"

गणपानं विचारलं, "बबनभाऊ, किती हाय?"

बबन विचार करून म्हणाला, "एकटा आसलो की चार. धारा काढताना नऊ. बायको बघत आसली की बारा."

"सर, दहाच्या वर नाहीये."

"मंग बाई, तुमी आमच्या घरी आला न्हाईत."

एवढं झाल्यावर गणपानं मुद्द्याला हात घातला. "म्याडम, आपलं सरकारी कार्ड चालतं ना?"

पलीकडून हसू आलं. चांगलं लांबलचक, मायाळू हसू. आणि फोन ठेवला गेला.

आम्ही विचारलं, "काय म्हणाल्या?"

गणपा खिशात फोन टाकत म्हणाला, "नाय आसं स्पष्ट म्हणाल्या न्हाईत!"

*

जुन्नरला तालमीत रहीमचाचा आहेत. जुने वस्ताद. पैलवानांची निखळलेली हाडं बसवण्यात त्यांचा हात धरणारा नाही. हे आम्हा सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. पण ते कायरोप्रॅक्टर नाहीत म्हणून आमच्या डोक्यात आलं नाही. सुमनवहिनींच्या आलं. त्यांनी आम्हाला जीपमध्ये घातलं आणि पाठवलं.

चाचांनी बबनच्या कमरेवर नुसता अंगठा फिरवला. "सरकलंय. बसतंय. मारुतीला नारळ फोड आन् इथं पालथा झोप."

बबननं ऐटीत कार्ड काढलं. "चाचा, हे चालतं ना?"

"कसलं कार्ड, बेटा? मी पैसंच घेत न्हाय. पैसं घेतलं की हातातला गुण जातो, आसं उस्ताद सांगून गेलेत."

"म्हंजी कार्ड चालत न्हाय?"

"आरं, फुकट हाय!"

बबननं गणपाकडं बघितलं. गणपानं मान हलवली. दोघं कोपऱ्यात गेले. मी कान लावला.

"फुकटात झालं, तर कार्डाचं काय करायचं?"

"त्येच म्हंतोय मी. वाया जाणार."

"सरकारनं एवढं दिलंय..."

आणि दोघं चपला घालायला लागले! चाचा बिचारे दारापर्यंत मागं आले. "आरं, थांबा रं! नारळबी मीच देतो!"

परतीच्या वाटेवर प्रत्येक गतिरोधकाला बबन कण्हत होता. पण कार्ड छातीशी धरून कण्हत होता!

*

कार्ड घेणारं एक मोठं हॉस्पिटल सापडलं. काउंटरवरच्या पोरीनं फाइल बघितली आणि सांगितलं, "काका, मणका दाबून देणं योजनेत बसत नाही. ऑपरेशन असेल तर बसतं."

"मंग काय काय बसतं?" बबननं मेन्यू विचारावा तसं विचारलं.

"हर्निया बसतो. पित्ताशय बसतं."

"पित्ताशय कुठं आसतं?"

"पोटात. उजव्या बाजूला."

बबनचा चेहरा उजळला. "पाठीच्या जवळच की! मंग त्येच काढा. जाता जाता पाठीलाबी एक हात मारा!"

पोरगी हसली, पण मनानं चांगली होती. म्हणाली, "तुम्हाला भरती करून कमरेला वजनं लावायची, असं लिहून पाठवून बघते. अप्रूव्हल आलं तर फोन करीन. पण वेळ लागेल."

"यात्रेच्या आत येईल का?"

"कुठल्या यात्रेच्या?"

घरी गेल्यावर बबन गोठ्यात गेला आणि मंत्र्यासमोर बराच वेळ वाकून उभा राहिला. आम्ही त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

*

यात्रा आली, अप्रूव्हल आलं नाही. बबन तसाच घाटात आला, काटकोनात. माइकवरून पुकारा झाला, "निरगुडसरचे बबनशेठ! कुठं हायत बबनशेठ? उभं राहून हात वर करा!"

आमच्या बबनला दोन्हीतलं एकही जमणार नव्हतं!

मेव्हणा पुढं झाला. मंत्र्यानं नुसतं त्याच्याकडं बघितलं. मेव्हणा मागं झाला. माइकवाला ओरडायला लागला, "वेळ चाललाय! जुंपा, न्हायतर बारी बाद!"

सुमनवहिनींनी बबनच्या पाठीवर थाप मारली. "जावा की! जू खालीच आसतंय. तुमी तर आधीच खाली हाय!"

बबन गेला. त्याचं आणि मंत्र्याचं तोंड एका उंचीवर येण्याची ही पहिलीच वेळ. मंत्र्यानं त्याला हुंगलं, चाटलं आणि मान खाली घातली. बबननं मानेभोवती हात टाकून जू बसवलं. आणि सवयीप्रमाणं मंत्र्यानं मान जी वर उडवली, तसा बबन मानेला लटकून हवेत!

कट!

आवाज असा झाला राव, की गाड्यापुढं पळायला उभी केलेली घोडी बिचकून सुटली. घोडीमागं बैल सुटले. गाडा घाट चढून वर! बारी नंबरात बसली. आणि खाली धुळीत आमचा बबन उभा. सरळ! दोन्ही हात वर करून!

पहिल्या रांगेत रहीमचाचा बसले होते. ते शांतपणे उठले, बबनला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग घाटावरून परत आणलेल्या मंत्र्याला बघितलं.

"बेटा," चाचांनी विचारलं, "ह्यो बैल कार्ड घेतो का?"

*

त्यानंतर बबन गावातून असा ताठ चालायचा, की त्याला मागून बघून नवा तलाठी आलाय असं वाटायचं. लोणीला मुद्दाम जाऊन मामांच्या पाया पडला आणि लगेच उठून दाखवलं.

आणि मग एके दिवशी सकाळी डेअरीवर बबनचं दूध आलं, बबन आला नाही. आम्ही बघायला निघालो, तर एसटीच्या थांब्यावर बबन. पुन्हा तसाच, काटकोनात! हातात कपड्यांची पिशवी. बाजूला सुमनवहिनी, तोंडाला पदर लावून.

गणपा पळतच गेला. "आरं बबनभाऊ! परत धरली?"

बबननं खालूनच इकडं तिकडं बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाला,

"हळू बोल की! अप्रूव्हल आलंय!"