बसलेल्या कंपनीचं विमान

माझं तोंड आणि उसाचं पाचट, एकदा पेटलं की आवरत नाही. हे माहीत असल्यामुळंच लेकीनं फोनवर बजावलं होतं, "पप्पा, तात्यांना फक्त घेऊन या. बाकी काही बोलू नका."

ती बारामतीच्या धावपट्टीवर विमान शिकत होती, तेव्हा माझे वडील, म्हणजे तात्या, सांगवीच्या आमच्या उसात उभे राहून डोक्यावरून घिरट्या घालणाऱ्या प्रत्येक विमानाला पटका हलवायचे. त्यातली बरीचशी दुसऱ्यांची पोरं असणार, पण तात्यांनी कधी भेदभाव केला नाही. आता ती मोठ्या प्रवासी विमानावर सहवैमानिक झाली होती. पुणे-नागपूर फेरीत आपल्या मागं तात्या बसलेले असावेत, एवढी एकच तिची हौस.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर शेजारपाजारची माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "इमान नवं कोरं का हो?"

"ठाऊक नाही" म्हणायला काय झालं होतं मला? पण मी सुरू झालो. एक विमान कंपनी कशी बसली, तिची विमानं तळावर कशी धूळ खात राहिली, मुळात ती भाड्याचीच, मग मालकानं ती ओढून नेऊन आमच्या लेकीच्या कंपनीला कशी दिली, वर नवा रंग, नवं नाव. "नव्या विमानाला वर्षानुवर्षं नंबर लागत नाही," हेही सांगितलं, जणू माझीच दोन अडकून पडली होती.

तात्यांनी चुन्याची डबी बंद केली. "म्हंजी बसलेल्या धंद्याची चीज?"

माझी जीभ टाळ्याला चिकटली, पण उशिरा.

"मग मी न्हाय येत."

बसलेल्या धंद्याची चीज घ्यायची नाही, हा तात्यांचा कायदा. आणि त्याला पुरावा मीच पुरवलेला. अंथुर्ण्यात एक रसवंती बंद पडली, तिचा चरक मी हौसेनं आणला आणि इंदापूर रस्त्याला मांडव घातला. दोस्त फुकट प्यायचे. उरलेला रस मी प्यायचो. ऐन उन्हाळ्यात मांडव उतरला. तात्या गावभर सांगत फिरले, "चरकच पनवती. अंथुर्ण्यावाल्याला बुडवून आला, आमच्या पोराला बी बुडवलं." मी कधी हरकत घेतली नाही. इतकं सोयीचं कारण मला स्वतःला सुचलं नसतं.

लेकीला फोन लावला. ती आधी माझ्यावर डाफरली, मग म्हणाली, "स्पीकरवर टाका."

"तात्या, तो चरक आता कुठंय?"

"पळसदेवच्या एकानं न्हेला. हायवेला लावलाय."

"चालतो का?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी लिंबाच्या झाडाकडं पाहिलं.

"लई चालतो," तात्या हळूच म्हणाले. "मासं खायाला गाड्या थांबत्यात, वर रस पित्यात. दुसरा चरक घेतला त्यानं."

"मग? चरक तर तोच ना?"

इतकी वर्षं पोराची झाकलेली अब्रू एकीकडं, नातीची हौस दुसरीकडं. तात्यांनी फार वेळ घेतला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

"चरकात काय बी खोट नव्हती," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खोट ह्याच्यात व्हती."

ओट्यावर असा हशा उसळला की शेजारची म्हैस दावं ओढायला लागली.

"येतो म्या," तात्या फोनला म्हणाले. "पर भाकरतुकडा ओवाळल्याबिगर पाय टाकणार न्हाय. नव्या दावणीला बैल आला तरी ओवाळतो आपण."

पुण्याच्या तळावर बसनं विमानापाशी सोडलं. तात्यांनी खिशातून भाकरीचा तुकडा काढला, शिडीपाशी उभे राहून त्या एवढ्या मोठ्या धुडावरून तीनदा ओवाळला आणि टाकायला हात उचलला. तोच तळावरचा एक माणूस धावत आला.

"काका, इथं काही टाकायचं नाही! पक्षी येतात."

"मग आता?" तात्यांनी इकडंतिकडं पाहिलं. शेवटी नजर माझ्यावर येऊन थांबली. "धर. खा."

"अहो तात्या, सगळी पीडा उतरवलीय त्यात!"

"तुला काय हुतंय? अख्खी रसवंती पचवलीस की."

वर दारात लेक उभी होती, तोंडावर हात दाबून. तात्या कठडा धरून चढले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले. त्यांच्या मागं मी, बसलेल्या कंपनीची पीडा चावत चावत. भाकरी शिळी होती, आणि चटणीचा डबा सामानात गेला होता.