तारखेवार लावलेल्या डब्या

शाळेत त्यांचं खरं नाव फार कुणाला ठाऊक नव्हतं. शिक्षक त्यांना सिस्टर म्हणत आणि मुलं पाठीमागे गोळीबाई. दवाखान्याच्या वॉर्डात पंधरा वर्षं काढून त्या शाळेच्या प्रथमोपचार खोलीत आल्या, तेव्हा काम होतं फुटलेल्या गुडघ्यांचं आणि परीक्षेच्या दिवशी हमखास दुखणाऱ्या पोटांचं. ताप कुठला आणि सोंग कुठलं, हे त्यांना पोर दारात असतानाच कळायचं.

मग एका वर्षी, वर्गात लक्ष लागत नाही म्हणून एका मुलाची गोळ्यांची डबी आली. पुढल्या वर्षी चार. आता कपाटात एकतीस डब्या होत्या आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली की जिन्यापर्यंत रांग लागायची. पोरं इतकी सरावली होती की कुणी न सांगता आ करत, गोळी गिळत आणि जीभ वर करून दाखवत. ‘बघा, इथे कशी शहाण्यासारखी उभी राहतात,’ असं मुख्याध्यापिका पाहुण्यांना कौतुकाने सांगत.  पण गोळीने भूक मरून यातल्या निम्म्या पोरांचं जेवण तसंच घरी परत जातं, हे गोळीबाईंना वजनकाट्यावर दिसत होतं.

औषधाशी त्यांचं वैर नव्हतं. सातवीतल्या एका उंच मुलाने गोळी सुरू झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा अख्खं पान वाचलं होतं, तेही त्यांच्याच समोर. किळस होती ती घाईची. एकदा शिक्षकांच्या खोलीत एक वर्गशिक्षिका डॉक्टरांसाठीचे फॉर्म भरत होती. अठरा प्रश्न. जागेवर बसत नाही, मध्येच बोलतो, वस्तू हरवतो. तिने ‘नेहमी’च्या रकान्यातून वरपासून खालपर्यंत एकच रेघ ओढली, चहाचा घोट घेतला आणि पुढला फॉर्म पुढ्यात ओढला. त्या रेघेवर विसंबून डॉक्टर सात मिनिटांत गोळी लिहून देत. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय! पण गोळीबाईही रोज मुकाट्याने पाण्याचे पेले भरतच होत्या.

एकदा एकाच नावाच्या दोन मुलींच्या डब्यांची अदलाबदल होता होता राहिली. म्हणून त्यांनी प्रत्येक डबीवर जन्मतारीख चिकटवली आणि एका दुपारी कपाट महिन्यांप्रमाणे लावायला घेतलं. शाळेत जूनपासून मेपर्यंत जन्मलेली मुलं एका वर्गात बसत. जून-जुलैच्या फळीवर दोनच डब्या आल्या. एप्रिल-मेच्या फळीवर जागा पुरेना. सतरा! गोळीबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी डब्या पुन्हा मोजल्या. प्रत्येक वर्गातली सगळ्यांत धाकटी पोरं, शेजारच्या बाकावरच्यांपेक्षा दहा-अकरा महिन्यांनी लहान. त्यांनी मोठ्यांसारखं बसावं. बसत नाहीत, म्हणून गोळी.

त्या तडक मुख्याध्यापिकेकडे गेल्या. तिने मान वर केली नाही.

“सिस्टर, तुमचं काम गोळी द्यायचं. मुलांच्या पत्रिका मांडायचं नव्हे.”

त्याच आठवड्यात गोळीबाईंची मुलगी बत्तिसावी डबी घेऊन आली. नाव होतं पहिलीतल्या नातीचं. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरतच नसे. कालपर्यंत ते लाडाने म्हणत होते.

“उद्यापासून हिलाही देत जा, आई. बाईंनी सांगितलं, डॉक्टरांनी लिहून दिलं. मी थकलेय गं रोजच्या तक्रारींनी.”

“तीस मेचा जन्म आहे तिचा. दोन दिवस उशिरा जन्मली असती तर आज बालवर्गात सगळ्यांत मोठी म्हणून मिरवली असती.”

“मग शाळेत लवकर घाला म्हणून कोण मागे लागलं होतं? वर्ष फुकट कशाला घालवता, असं कोण म्हणालं होतं?”

गोळीबाईंनी डबी टेबलावर ठेवली.

“आणि रोज एकतीस पोरांना देतेस, तेव्हा नाही काही वाटलं? आपल्या घरावर आलं तशी अक्कल आली?”

हे खरं होतं आणि म्हणूनच झोंबलं. गोळीबाईंना स्वतःच्या हातांची शिसारी आली.

“चूक माझी,” त्या म्हणाल्या. “तिला बालवर्गात परत बसवू.”

“आणि सासरी काय सांगू? पोर पहिलीतच नापास?”

“मी येते सांगायला. आजीच्या हव्यासापायी झालं म्हणते.”

मुलगी रडली, चिडली, डबी पर्समध्ये कोंबून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सही केलेला अर्ज घेऊन आली. भिंगरी बालवर्गात गेली. तिथेही ती उड्याच मारत होती. फक्त तिथे सगळेच मारत होते.

बाकीच्या सतरा घरांना पत्रं पाठवू या, असं गोळीबाईंनी सुचवून पाहिलं. निवृत्तीला किती वर्षं राहिली, एवढंच मुख्याध्यापिकेने विचारलं. दोन राहिली होती. पत्रं राहून गेली.

पुढल्या सोमवारी घंटा झाली. रांगेत पहिली उभी होती भिंगरीच्या जुन्या वर्गातली एक बारकी मुलगी, अठ्ठावीस मेची. तिने आ केला, गोळी गिळली, जीभ वर करून दाखवली.

“भिंगरीला पण देणार होते ना गोळी?” तिने विचारलं. “मग तिला का नाही?”

कारण तिची आजी मी आहे. गोळीबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“पाणी पी सगळं,” त्या म्हणाल्या आणि पुढली डबी उघडली.