बफिंग मारलेलं पिस्तूल

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळ, आमची बाहेरची खोली. हजर तिघं : मी; जुनी हत्यारं जमवणाऱ्यांच्या आमच्या गटातले एक जुने सदस्य, शिरोली एमआयडीसीत फाउंड्री असलेले; आणि मुरगूडचे शेतकरी, पिस्तुलाचे मालक.

काम एकच होतं. मुरगूडकरांच्या घरातल्या ठासणीच्या पिस्तुलाला मुठीच्या टोकाशी पितळी टोपी होती. तिच्यावर पलटणीची अक्षरं ठोकलेली, पण इतकी पुसट, की बॅटरीचा उजेड आडवा मारल्याशिवाय दिसायची नाहीत. आपला पूर्वज घोडदळात होता, असं त्यांचे आजोबा सांगायचे. भाऊबंद हसायचे. अक्षरांतून घोडदळाची पलटण निघाली असती, तर ते हसणं थांबणार होतं.

आधीच्या आठवड्यात अक्षरांचे फोटो काढायला म्हणून फाउंड्रीवाल्यांनी पिस्तूल नेलं होतं. त्यांनी फडकं उलगडलं. आत नव्या नळासारखी चकाकणारी वस्तू.

"बफिंग मारून आणलंय की," ते म्हणाले. "लई काळं पडलंतं."

मी टोपी उजेडात धरली. गुळगुळीत. एक रेघ शिल्लक नव्हती.

"वैनी, असं काय बघताय? फुकट करून दिलंय."

जुन्या लोखंडावरचा तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. हातमोजे, सुती फडकं, थोडं तेल, बास. नवख्यांना हे दर बैठकीत कोण सांगतं? हेच गृहस्थ.

"तुमच्या कपाटातली सगळी काळीच आहेत," मी म्हणाले. "त्यांना का नाही मारलं बफिंग?"

"ती कलेक्शनची हायत. ह्ये घरातलं. म्हटलं, खंडेनवमीला पूजेत मांडत्यात, तर जरा उठून दिसंल."

म्हणजे त्यांच्या कपाटातला तो इतिहास, आणि मुरगूडच्या घरात असलं की ते नुसतं पूजेचं भांडं. चुकून झालं असतं तर मी गिळलं असतं. हे त्यांनी विचार करून केलं होतं. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

मुरगूडकरांनी पिस्तूल उलटसुलट पाहिलं. "आता भाऊबंद म्हणतील, म्हाद्वार रोडच्या बाजारातनं नवं आणलं."

नळीच्या पोटाला, लाकडात दडलेल्या बाजूला, कधीकधी पलटणीचेही शिक्के असतात. तिथे बफिंगचं चाक पोचत नाही. पण नळी धरून ठेवणाऱ्या स्क्रूची खाचही फाउंड्रीवाल्यांनी घासून घालवली आहे. पेचकस धरत नाही, जोर लावला तर लाकूड फुटेल. पिस्तूल माझ्याकडे ठेवून घेतलं आहे, स्क्रूत तेल सोडलं आहे. मुरगूडहून फोन येतो, "निघाला का वो?"

नळी अजून काढायची आहे.