रक्ताची साइट बंद होती ती दुपार

मी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या मोठ्या सिस्टरचं कॉम्प्युटरचं खातं बंद गटात टाकलं आणि जेवायला घरी गेलो.

आमच्या खासगी दवाखान्यात कोणाला कुठल्या वेबसाइट उघडता याव्यात, हे मी माणसांचे गट पाडून ठरवतो. डॉक्टरांना जवळजवळ सगळं खुलं, बिलिंगवाल्यांना मोजकं, आणि नोकरी सोडून गेलेल्यांचा बंद गट, त्यांना काहीच नाही. अडलेल्या माणसाला पडद्यावर दिसणारं वाक्यही मीच हौसेनं लिहिलेलं: 'यह साइट आपके काम की नहीं है.' बायकोला वाचूनही दाखवलं होतं. ती उठून कुकर लावायला गेली, तेव्हाच समजायला हवं होतं.

माधवगंजात घरी पहिला घास घेतला आणि फोन वाजला. रक्ताचं काम बघणारी सिस्टर, या हिंदी मुलखात आपल्याच मराठी घरातली.

"दादा, रक्तपेढ्यांची साइट उघडत नाहीये! बाळंतीण आहे, रक्त थांबत नाहीये, डॉक्टर सगळे आत तिच्यापाशी. ओ निगेटिव्ह कुठं आहे, कसं बघू?"

"सिस्टर लोकांच्या खात्यांना तर ती खुली आहे."

"माझं खातं आहेच कुठं? आम्ही सगळ्या मोठ्या सिस्टरच्याच खात्यानं बसतो. पासवर्ड तुम्हीच तर वाटला होता!"

वाटला होता. नवीन खाती करायचा कंटाळा आला होता म्हणून.

ती साइट दवाखान्याच्या मशीनवरच उघडते आणि माझे गट फक्त माझ्या टेबलावरून बदलतात. ही अक्कलही माझीच. स्कूटर काढली. दाल बाजारात पोत्यांचा ट्रक आडवा. हॉर्न इतका वेळ दाबून ठेवला की हॉर्न वाजतोय की मी, तेच कळेना.

पोचलो तर सिस्टरच्या खिडकीशी बाळंतिणीचा नवरा उभा. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "भाईसाब, इसमें लिखा है हमारे काम की नहीं है. फिर किसके काम की है?"

मी माझ्या टेबलाकडे पळालो. घाईत स्वतःचाच पासवर्ड दोनदा चुकला. खातं खुल्या गटात टाकलं, तरी सिस्टरच्या पडद्यावर माझं तेच वाक्य. बदल पोचायला जरा वेळ लागतो. एरवी तेवढ्यात मी चहा पिऊन येतो. त्या दिवशी कोणी चहाचं नाव काढलं असतं तर मी रडलो असतो.

साइट उघडली. मुरार भागातल्या एका रक्तपेढीत रक्त होतं. नवरा आणि आमचा ड्रायव्हर धावत सुटले. मी जिन्यात बसून राहिलो. वर दार वाजलं की उठून उभा राहायचो.

संध्याकाळी सिस्टर खाली आली. "वाचली."

"मी फक्त जुनी खाती साफ करत होतो हो," मी पुटपुटलो.

"सफाईची एवढी हौस असेल तर घरी जाऊन मोरी घासा, दादा. तिथं कोणाचा जीव नाही जात."